पित्ताची गोळी उपाशीपोटीच का?

बीड-परभणीकडे कुठल्याही मेडिकलवर "पित्ताची गोळी द्या" म्हटलं, की दुकानदार पॅन्टोप्राझोलची पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या हातावर ठेवतो. मग जेवण झालं, छातीत जळजळ सुरू झाली, की गोळी तोंडात. चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'सकाळी उपाशीपोटी' लिहिलेलं कुणी मनावर घेत नाही. या गोळीची सगळी किमया मात्र तिथेच आहे.

जठराच्या अस्तरातल्या काही पेशींत आम्लाचे, म्हणजे बोलीतल्या 'पित्ता'चे, पंप असतात. हा पंप म्हणजे एक प्रथिन. पोटॅशियमचा आयन (विद्युतभार असलेला कण) आत घ्यायचा आणि हायड्रोजनचा बाहेर सोडायचा, हे त्याचं काम. रात्रभर पोट रिकामं असताना बहुतेक पंप पेशीच्या आत पडून असतात. घास पोटात गेला की पृष्ठभागावर येऊन चालू होतात. गोळीचं आवरण जठरात टिकतं आणि लहान आतड्यात विरघळतं, म्हणून ती चावायची नाही. औषध रक्तातून पेशीपर्यंत पोहोचतं, पण तोवर ते निष्क्रियच असतं. चालू पंपाशेजारच्या आम्लात शिरल्यावर त्याचं रूप पालटतं आणि पंपातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी (प्रथिनाच्या एका घटकाशी) त्याचा पक्का बंध होऊन पंप बंद पडतो. ज्या आम्लाला अडवायचं, तेच औषधाला जागं करतं! रक्तातलं औषध तासा-दीड तासात निम्म्यावर येतं, तरी परिणाम दिवसभर राहतो, कारण जखडलेल्या पंपांच्या जागी पेशीला नवे घडवावे लागतात. घास पोटात जाऊन पंप चालू होतात तेव्हा औषध रक्तात हजर हवं, म्हणून गोळी न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी. एका गोळीत सगळे पंप सापडत नाहीत, पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात.

अल्सरचं, म्हणजे जठरातल्या जखमेचं, खापर मात्र उगाच ठेच्यावर फुटतं. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. सहकारी रॉबिन वॉरेन यांच्यासह त्यांना 2005 चं नोबेल मिळालं. हे जिवाणू असतील तर पित्ताच्या गोळीबरोबर अँटिबायोटिक्सचा कोर्स पुरा करावाच लागतो. दुसरं मोठं कारण कंबरदुखीच्या गोळ्या. ऊसतोडीच्या हंगामात मोळ्या वाहून अंग ठणकतं, म्हणून डायक्लोफेनॅक रोज घेतली जाते आणि जठराचं संरक्षक अस्तर दुबळं होतं.

अशा माणसाला डांबरासारखी काळी, चिकट शौचाला झाली, तर घरचे 'करणी' म्हणून देवऋषी गाठतात. ते जठरातल्या जखमेचं रक्त असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि रोज कोणती दुखण्याची गोळी चालू होती तेही डॉक्टरांना सांगा.