चार सीट म्हणजे चार माणसं नव्हेत

स्वतःसाठी एका इंजिनाचं छोटं विमान घेणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: सीट चार, म्हणजे टाकी फुल्ल करून चौघांनी निघायचं. हे साफ चूक आहे, आणि जिवाशी खेळ आहे.

उदाहरणार्थ, सेसना १७२एस हे चार सीटांचं विमान बघा. उड्डाणाचं कमाल वजन ११५७ किलो. रिकामं विमानच साधारण ७७० किलोचं. वापरता येणारं इंधन सुमारे २०० लिटर, म्हणजे १४४ किलो. उरले जेमतेम २४० किलो: तीन मोठी माणसं, तीही बॅगांशिवाय! चौघांना जायचंच असेल तर इंधन कमी भरा, वाटेत उतरून पुन्हा भरा. कडक उन्हात हवा विरळ होते, तेव्हा आणखी हात आखडता घ्यावा लागतो.

विमान बघायला गेलात की आधी त्याच विमानाचा वजनाचा कागद मागा. नवी उपकरणं बसवली की आकडा बदलतो.