मराठी पान जड का होतं आणि सर्व्हरचं कॉम्प्रेशन बंद का राहिलं: थोडी पार्श्वभूमी

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर गर्दी झाली की मोबाइलचं नेटवर्क पार बसतं, हे सोलापूरकरांना सांगायला नको. यंदा तिथंच उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाला अशोक चौकातल्या आमच्या काकांची चादर-टॉवेलची रेट लिस्ट वेबसाइटवर बघायची होती, तो पाचेक मिनिटं फोन धरून उभा राहिला आणि कंटाळून निघून गेला. रात्री काकांचा मला फोन, "अरे बाबा, साइट बंद पडली काय बघ की जरा." साइट चालूच होती, पण पान जवळजवळ २०० केबीचं, सगळा मराठी मजकूर, आणि होस्टिंगच्या सर्व्हरवर कॉम्प्रेशन, म्हणजे पान दाबून लहान करून पाठवायची सोय, बंद. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये हेडर, म्हणजे पानाबरोबर सर्व्हर पाठवतो त्या माहितीच्या ओळी, उघडून बघितले तर पान दाबलंय हे सांगणारी कंटेंट-एन्कोडिंग ही ओळच नाही. सेटिंग चालू केली आणि तेच पान २५ केबीच्या आत आलं, मजकुरातला एक शब्द न काढता. ही सोय पंचवीस वर्षांपास्नं हाताशी आहे, तरी ती अजून बंद सापडते, आणि त्यामागं कारणं आहेत, उगाच कुणाचा आळस म्हणून सोडून देण्यासारखं नाही ते.

कॉम्प्रेशनची सुरुवात इंटरनेटच्याही आधीची. १९५१ साली एमआयटीत रॉबर्ट फॅनो नावाच्या प्राध्यापकांनी वर्गाला सांगितलं, परीक्षा द्या नाहीतर एक प्रश्न सोडवून शोधनिबंध लिहा, आणि डेव्हिड हफमन या विद्यार्थ्यानं निबंध निवडला. जे चिन्ह सारखं येतं त्याला लहान कोड द्यायचा, क्वचित येणाऱ्याला लांब, आणि हे सगळ्यात कमी जागेत कसं बसवायचं ते त्यानं काढून दाखवलं. १९५२ ला ते छापून आलं.

आजच्या कॉम्प्रेशनचा दुसरा अर्धा भाग इस्राएलमधला, हैफाच्या टेक्नियन संस्थेतले अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांचा १९७७ चा शोधनिबंध. त्यांची कल्पना सोलापुरात चटकन समजते. जॅकार्डवर चादर विणताना मोराचं डिझाइन एकदाच कार्डावर पंच करतात आणि मग तोच सेट फिरत राहतो, चादरभर मोर आहेत म्हणून प्रत्येक मोराची वेगळी कार्डं कुणी करत नाही. लेम्पेल-झिव मजकुरात तेच करतात, एकदा आलेला तुकडा परत आला की तो परत न लिहिता "मागं इतकं जा, इतकी अक्षरं उचल" एवढीच खूण ठेवायची. काकांच्या पानावर "सोलापुरी चादर" हे शब्द तीसेक वेळा आहेत, पहिल्यांदा पूर्ण लिहिले जातात, नंतर प्रत्येक वेळी साधारण दोन-तीन बाइटांची खूण पुरते. दोघंही २०२३ साली काही आठवड्यांच्या अंतरानं गेले, लेम्पेल फेब्रुवारीत आणि झिव मार्चमध्ये.

यात पेटंट आडवं आलं. १९८४ मध्ये टेरी वेल्चनं लेम्पेल-झिवच्या १९७८ च्या दुसऱ्या एका पद्धतीत सुधारणा करून एलझेडडब्ल्यू ही पद्धत काढली, ती युनिक्सच्या कॉम्प्रेस या प्रोग्राममध्ये गेली, जिफ चित्रांत गेली, आणि तिचं पेटंट युनिसिस कंपनीकडं होतं. फुकट सॉफ्टवेअर करणाऱ्यांना दुसरा रस्ता शोधणं भाग पडलं. ज्याँ-लू गाली आणि मार्क अॅडलर यांनी पेटंटच्या कचाट्यात न सापडणारी पद्धत घेऊन जीझिप हा फायली दाबायचा प्रोग्राम लिहिला, ३१ ऑक्टोबर १९९२ ला तो पहिल्यांदा बाहेर आला. त्याच्या आतली डिफ्लेट ही पद्धत पीकेझिप हा प्रोग्राम करणाऱ्या फिल कॅट्झची, लेम्पेल-झिवच्या खुणा आणि वरून हफमनचे कोड. कॅट्झ २००० साली अवघ्या ३७ व्या वर्षी वारला, पण आज तुमच्या फोनवर जे पान उघडतं त्यात बऱ्याचदा त्याचंच काम चालू असतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता मराठीकडं या, कारण माझा जीव इथंच अडकलाय. जीझिपच्या आधी महिनाभर, सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ तयार केलं, म्हणजे युनिकोडमधली अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत. इंग्रजी अक्षराला त्यात एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा वेगळी चिन्हं. "सोलापूर" मोजून बघा: स, ओकार, ल, काना, प, दीर्घ ऊकार, र, म्हणजे ७ चिन्हं, २१ बाइट. तेच नाव रोमन लिपीत ७ बाइटांत बसतं. पूर्वी मराठी साइटी आपापले फाँट वापरायच्या, तेव्हा पान हलकं असायचं पण फाँट नसला की उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं दिसायची, आणि गुगलला तर काहीच कळायचं नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले आकडे, आलं आणि ते दुखणं गेलं, पण मजकूर जवळजवळ तिप्पट झाला. मात्र त्या तीन बाइटांतला पहिला देवनागरीत कायम तोच असतो आणि दुसरा दोनच प्रकारचा. म्हणजे हे जे वाढलेलं वजन आहे ते बरंचसं पुनरावृत्तीचं, आणि पुनरावृत्ती हेच तर कॉम्प्रेशनचं खाद्य. म्हणून मी म्हणतो, इंग्रजी पानाला कॉम्प्रेशन चालू केलं तर बरं, मराठी पानाला ते पाहिजेच.

वेबवर हे अधिकृतपणे आलं ते जानेवारी १९९७ मध्ये, एचटीटीपी १.१ च्या कागदात, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्या नियमांत. ब्राउझर अॅक्सेप्ट-एन्कोडिंगमध्ये सांगतो मला काय काय उलगडता येतं, सर्व्हर त्यातलं एक निवडून दाबून पाठवतो आणि कंटेंट-एन्कोडिंगमध्ये तसं कळवतो. कागदावर सरळ, पण प्रत्यक्षात घोळ झाला. नेटस्केप ४ या त्या काळच्या ब्राउझरला दाबलेलं एचटीएमएल चालायचं पण बाकीच्या फायलींवर गडबड व्हायची, आणि ४.०६ ते ४.०८ या आवृत्त्यांना तर काहीच दाबून पाठवायची सोय नव्हती, अपाची या वेब सर्व्हर प्रोग्रामच्या कागदपत्रांत त्यासाठी खास ओळी दिलेल्या आहेत. डिफ्लेट या नावाचाही घोटाळा, नियमाप्रमाणे त्याला झेडलिबचं वेष्टण, म्हणजे मागंपुढं थोडी तपासणीची माहिती, पाहिजे पण मायक्रोसॉफ्टकडं ते वेष्टणाशिवायच चालायचं, म्हणून शेवटी सगळे जीझिपवरच स्थिरावले. शिवाय अपाची १.३ मध्ये ही सोय मुळात नव्हती, २००० च्या सुमाराला मॉड-जीझिप बाहेरून जोडायला लागायचं, पुढं २००२ मध्ये अपाची २.० बरोबर मॉड-डिफ्लेट आलं. आणि तेव्हाचे सर्व्हर बारके, प्रत्येक पान दाबायला प्रोसेसर खर्च होतो म्हणून होस्टिंगवाले ते बंदच ठेवायचे, त्या काळात ते बरोबरही होतं.

वारं फिरलं ते २००७ च्या आसपास. याहूतल्या स्टीव्ह साउडर्सनं पान लवकर उघडण्याचे नियम मांडले, त्यात जीझिप होतंच, आणि साधारण ७० टक्के आकार कमी होतो हा आकडा तिथूनच लोकांच्या तोंडी बसला. नंतर एक धोकाही कळला, २०१३ चा ब्रीच हल्ला, म्हणजे पानात गुप्त टोकन, म्हणजे ओळख पटवणारा कोड, असेल आणि त्याच पानात वापरणाऱ्यानं टाकलेला मजकूरही परत येत असेल तर दाबलेल्या आकारावरून टोकन ओळखता येतं. लॉगिनवाल्या साइटींनी हे सांभाळायलाच पाहिजे, पण चादरीच्या रेट लिस्टला त्याचा काही संबंध नाही.

पुढं गुगलच्या झुरिक ऑफिसातनं ब्रॉटली ही नवी दाबायची पद्धत आली, २०१५ ला जाहीर झाली आणि २०१६ ला तिचा आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा अधिकृत कागद, निघाला. नाव एका स्विस पावावरनं. त्यात तेरा हजारांच्या वर शब्द-तुकड्यांची डिक्शनरी आधीपासून भरलेली आहे आणि त्यात हिंदीही आहे, म्हणजे देवनागरी. मराठी वेगळी नाही याचं वाईट वाटतं, पण लिपी तीच. फेसबुकच्या यान कोलेटची झेडस्टँडर्ड ही तशीच पद्धतही २०१६ ची, ती क्रोममध्ये २०२४ ला आली.

आता काकांच्या सर्व्हरकडं परत. तिथं एनजिनएक्स हा वेब सर्व्हर प्रोग्राम आहे, त्यात जीझिप मुळात बंदच येतं, आणि चालू केलं तरी फक्त एचटीएमएलच दाबलं जातं, सीएसएस, जावास्क्रिप्ट, जेसन, एसव्हीजी अशा साइटच्या बाकीच्या फायलींची नावं प्रकारांच्या यादीत आपण घालायला लागतात. मी पहिल्या दिवशी हीच चूक केली, एचटीएमएल हलकं झालं आणि दुकानाची स्क्रिप्ट तशीच जाडजूड येत राहिली, दुसऱ्या दिवशी यादी भरली. चादरींचे फोटो मात्र यादीत घातले नाहीत, जेपेग आधीच दाबलेलं असतं, त्याला परत दाबून नुसता प्रोसेसर तापतो. फोटो वेगळे लहान केले. सर्व्हर पहिल्या फेरीत साधारण १४ केबी पाठवतो आणि मग फोनच्या उत्तराची वाट बघतो, म्हणून पान त्या १४ केबीत बसवायचा माझा प्रयत्न आता चालू आहे, टॉवेलची यादी वेगळ्या पानावर हलवली की जमेल असं दिसतंय.