कामाच्या ठिकाणचे गैरप्रकार आणि समाजकार्यकर्त्याचा तक्रारीचा निर्णय

आपल्याच संस्थेत, वसतिगृहात, रुग्णालयात किंवा सरकारी योजनेत चाललेला गैरप्रकार वरिष्ठांच्या, समितीच्या वा पोलिसांच्या कानावर घालायचा का, कधी आणि कसा, हे समाजकार्यकर्ता ज्या विचाराने ठरवतो ती प्रक्रिया. अपहार, खोट्या नोंदी, मुलांना मारहाण, रुग्णांची हेळसांड आणि लैंगिक छळ हे यातले नेहमीचे प्रकार.

संशय पुष्कळदा कागदावरून येतो. गणपतीच्या सुट्टीत मुले गावी गेलेली, वसतिगृहाला कुलूप. तरी साठा नोंदवहीत त्या आठवड्याचा तांदूळ, डाळ, तेल रोजच्यासारखे खर्ची पडलेले. एकदा नोंद चुकू शकते. शिमग्याच्या सुट्टीतही तेच दिसले तर ती चूक राहत नाही. पैशाच्या अशा प्रकरणात पडताळणीला थोडा वेळ घेता येतो.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर असा वेळ घेता येत नाही. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार माहिती मिळताच पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्याचा गुन्हा दडवला तर १ वर्षापर्यंत कैद व दंड. ‘आधी खात्री करून घेऊ’ म्हणून मुलाला पुनःपुन्हा विचारत बसणे ही सर्वांत घातक चूक होय. कायदा कळवणाऱ्याकडे पुरावा मागत नाही, आणि मुलाला मात्र तेच पुन्हा पुन्हा सांगावे लागते. सहकारी स्त्रीच्या लैंगिक छळाबाबत २०१३ चा कायदा लागू होतो. तिथे निर्णय त्या स्त्रीचाच. सोबत्याने तिला ३ महिन्यांची मुदत सांगावी आणि दहापेक्षा कमी माणसे असलेल्या संस्थेतून जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते, हेही सांगावे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात खरी अडचण नात्यांची असते. संस्थेचा अध्यक्ष गावकीतला मानकरी, अधीक्षक भावकीतला, आणि कार्यकर्ता अनेकदा ११ महिन्यांच्या कंत्राटावर. तक्रार कोणी केली हे संध्याकाळपर्यंत वाडीत पोचते. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण अंमलात आलेला नाही. म्हणून अनुभवी कार्यकर्ते तोंडी सांगून थांबत नाहीत; तारीखवार लेखी अर्ज देतात, शक्य तर दोघे मिळून, आणि आवक क्रमांक व शिक्का असलेली पोच स्वतःजवळ ठेवतात. निनावी पत्र सुरक्षित वाटते, पण त्यावर सहसा कारवाई होत नाही. वरिष्ठच गुंतलेला असेल तर अर्ज त्याच्या हाती न देता थेट जिल्हा पातळीवरच्या अधिकाऱ्याला द्यावा.

गप्प राहण्याचे सर्वांत प्रामाणिक कारण वेगळेच असते: संस्था बंद पडली तर खाडीपलीकडची ही पोरे जातील कुठे? ही काळजी खोटी नाही. परंतु अशा मुलांची पर्यायी सोय करण्याचा अधिकार २०१५ च्या बाल न्याय कायद्याने जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला दिलेला आहे, आणि १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीच्या क्रमांकावरून तिच्यापर्यंत पोचता येते.