पायाच्या शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन

पायाचे हाड, सांधा किंवा लिगामेंट (सांध्यातील हाडांना जोडणारा बंध) यांवरील शस्त्रक्रियेनंतर चालण्याची, जिना चढण्या-उतरण्याची आणि पुढे व्यायामाची क्षमता टप्प्याटप्प्याने परत मिळवण्याची ही उपचारपद्धती आहे. मोडलेल्या नडगीत सळई बसवणे, तुटलेल्या लिगामेंटची पुनर्रचना आणि गुडघ्याचे सांधारोपण या शस्त्रक्रिया एकमेकींहून भिन्न असल्या, तरी तिन्हींनंतर एकच पेच पडतो : जखम साधारण दोन आठवड्यांत भरते, नडगीचे हाड सांधायला अनेकदा चार ते सहा महिने लागतात आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची दुर्बलता त्याहूनही लांबू शकते. दुखणे थांबले म्हणजे पाय बरा झाला, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

सुरुवात अंथरुणातच होते. घोटा वर-खाली हलवत राहिल्याने पोटरीतील रक्त साकळण्याचा संभव कमी होतो, तर गुडघा सरळ ठेवून मांडी आवळल्याने सुजेमुळे सुस्तावलेला स्नायू पुन्हा कामाला लागतो. पोटरी अचानक सुजून दुखू लागल्यास किंवा धाप लागल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे.

पायावर किती वजन द्यायचे, हे शल्यचिकित्सकानेच ठरवायचे असते. सांधारोपणानंतर रुग्णाला बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात. सांध्यालगतच्या काही अस्थिभंगांत मात्र 6 ते 12 आठवडे पाय टेकवण्यास मनाई असते. हाड त्यावर पडणाऱ्या भारानुसार घडते, हे एकोणिसाव्या शतकात यूलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने मांडले. त्यामुळे ठरवून दिलेले मोजके वजन हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे. काठी शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूच्या हातात धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना शस्त्रक्रियेचा.

गुडघा सुमारे 110 अंश वाकू लागला की घरातली स्थिर सायकल सुरू करता येते. व्यायाम वाढवल्यावर सूज किंवा वेदना दुसऱ्या दिवशीही वाढलेली राहिली, तर तो भार जास्त झाला असे समजून एक पायरी मागे यावे. दिनदर्शिकेपेक्षा ही खूण अधिक विश्वासार्ह असते. लिगामेंटच्या पुनर्रचनेत हे विशेष महत्त्वाचे, कारण पहिल्या दोन-तीन महिन्यांत वेदना ओसरलेली असते, पण तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला स्नायुबंध नेमका तेव्हाच नाजूक असतो. फुटबॉल किंवा कबड्डीसारख्या वळणावळणाच्या खेळाकडे साधारण नऊ महिन्यांच्या आत परतू नये, आणि तेव्हाही त्या पायाचे बळ दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के भरले पाहिजे.

पुण्यात व्यायाम म्हटला की बहुतेकांच्या मनात टेकडी येते. पर्वती, तळजाई किंवा वेताळ टेकडीवर रोज पहाटे जाणाऱ्याला घरी बसणे फार जड जाते. तरीही आरंभ सारसबागेसारख्या सपाट जागेतील फेऱ्यांनी करणे उत्तम. पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून गेल्यावर आत्मविश्वास वाटतो, पण खरी परीक्षा उतरताना असते : पायऱ्या उतरताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे साडेतीन पट भार येतो, आणि शरीर आवरून धरणारी मांडी त्या वेळी ताणली जात असतानाच काम करते. वेताळ टेकडीच्या मुरमाड उतारावर पाय घसरण्याची भीतीही असते, म्हणून ती वाट सर्वांत शेवटी घ्यावी.

पुण्यात 1975 साली सुरू झालेल्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगसंस्थेतील खुर्ची, पट्टा आणि लोड यांच्या आधाराने आसने करण्याची पद्धत या काळात उपयोगी पडते. मात्र वज्रासन आणि पद्मासन घाईने करू नयेत. सांधारोपणानंतर जमिनीवर मांडी घालून बसण्यास अनेक डॉक्टर मना करतात, तेव्हा जेवणासाठी टेबल आणि शौचासाठी कमोडची सोय शस्त्रक्रियेपूर्वीच करून ठेवावी.

हाडातील सळई किंवा प्लेट त्रास देत नसेल, तर ती बहुधा काढत नाहीत. काढल्यास स्क्रूंची छिद्रे भरेपर्यंत हाड कमकुवत असते आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत धावणे व उड्या पुन्हा बंद ठेवाव्या लागतात.