पोलिओचा लुळेपणा आणि जीबीएस: पाय गळाले तेव्हा ताप होता का?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे, रुग्ण एकापाठोपाठ एक सापडू लागले. तेव्हापासून ‘जीबीएसचा विषाणू पाण्यातून पसरला’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. जीबीएस नावाचा विषाणूच नाही, तो आपल्याच प्रतिकारशक्तीने मज्जातंतूंवर केलेल्या हल्ल्यातून येणारा लुळेपणा आहे. आणि त्यामागोमाग ठरलेला प्रश्न येतो: ‘पोलिओचे सगळे डोस दिलेत, मग हे कसं झालं?’ पोलिओच्या डोसाचा जीबीएसशी संबंध नाही. तो डोस पोलिओच्या विषाणूला अडवतो, बस्स.

पोलिओ आपल्याला माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. एन्टेरोव्हायरस गटातला हा विषाणू शौचातून पाण्यात जातो आणि पाण्यातून तोंडात. लागण झालेल्या साधारण दोनशे जणांत एकाला लुळेपणा येतो. भारतात वन्य पोलिओचा, म्हणजे लसीतून न आलेल्या मूळ विषाणूचा, शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेचा आपला सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

गल्लत होते ती का, हे कळतं. दोन्हींत पाय अचानक ढिले पडतात, गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही, श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर लागतो. शिवाय दोन्हींची सुरुवात बऱ्याचदा पोटातूनच होते. खरा फरक आहे तो नुकसान कोण करतं यात.

पोलिओत नुकसान विषाणू स्वतः करतो. तो रक्तातून मज्जारज्जूत शिरतो आणि तिथल्या पुढच्या भागातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. संवेदना नेणाऱ्या पेशींना तो सहसा हात लावत नाही. त्यामुळे पाय हलत नाही, पण पायाला टाचणी टोचलेली मुलाला नीट कळते. पेशी मरतात त्याही कुठे जास्त, कुठे कमी. म्हणून एक पाय पार गेलेला आणि दुसरा बरा, असं चित्र दिसतं. मेलेली पेशी परत येत नाही, म्हणून तो पाय पुढे बारीक राहतो.

जीबीएसमध्ये नुकसान करते आपली स्वतःची प्रतिकारशक्ती. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूचंच घ्या. पुण्यातल्या काही रुग्णांच्या नमुन्यांत तो सापडला होता. त्याच्या आवरणावरच्या काही साखरी आपल्या मज्जातंतूंवरच्या साखरींसारख्या दिसतात. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि तीच पुढे मज्जातंतूंवर चालून जातात. तोवर जुलाब थांबलेले असतात, माणूस कामावर गेलेला असतो. मग एक ते तीन आठवड्यांनी तळपायाला मुंग्या येतात, कंबर दुखते, जिना चढवत नाही. दोन्ही पाय जवळपास सारखेच गळतात आणि अशक्तपणा वर सरकतो. हल्ला मज्जारज्जूबाहेरच्या तंतूंवर असतो आणि तंतूंचं आवरण पुन्हा तयार होऊ शकतं. म्हणून बहुतेक रुग्ण काही महिन्यांत चालू लागतात, काहींना मात्र कायमचा अशक्तपणा राहतो.

म्हणूनच मी पहिला प्रश्न तापाचा विचारायला सांगतो. ‘ताप आला होता का’ असं विचारून भागत नाही, कारण दोन्हींत ‘हो’ असंच उत्तर येऊ शकतं. पाय गळाले त्या वेळी अंगात ताप होता, की तो आठवडाभर आधीच येऊन गेला होता? पोलिओत विषाणू त्या क्षणी आत काम करत असतो, त्यामुळे ताप असताना पाय जातात, दोन-चार दिवसांत जायचं ते जातं आणि ताप उतरला की लुळेपणा वाढायचा थांबतो. जीबीएसमध्ये सहसा ताप नसताना पाय गळू लागतात आणि अशक्तपणा चार आठवड्यांपर्यंत वाढू शकतो. म्हणून जीबीएसच्या रुग्णाला वॉर्डात एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते पुन्हा पुन्हा बघतात. काल तीसपर्यंत मोजणारा आज पंधरावर अडखळला, तर आयसीयूची तयारी लगेच करावी लागते.

हा प्रश्न किती बारकाईने विचारावा लागतो, ते पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या आजारात दिसतं. १९२१ मध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचे पाय गेले आणि निदान पोलिओचं झालं. २००३ मध्ये टेक्सासमधल्या डॉक्टरांनी जुन्या नोंदी तपासून जीबीएसची शक्यता जास्त असल्याचं मांडलं: वय मोठं, दोन्ही बाजू सारख्या, वर चढत गेलेला अशक्तपणा, स्पर्शही सहन न होणारी त्वचा. पण आजाराच्या सुरुवातीला त्यांना तापही होता, आणि वाद मिटलेला नाही.

पाठीतलं पाणी तपासलं की पोलिओत पेशी वाढलेल्या दिसतात. जीबीएसमध्ये प्रथिनं वाढतात, पेशी मात्र जवळपास नेहमीइतक्याच. पहिल्या आठवड्यात प्रथिनंही नॉर्मल येऊ शकतात, तेवढ्यावरून जीबीएस नाही असं म्हणू नये. जीबीएसचा एक प्रकार असाही आहे ज्यात संवेदना शाबूत राहते. तिथे एकट्या टाचणीवर विसंबून चालत नाही.

उपचारांचा फरक तर थेट जिवाशी येतो. पोलिओच्या विषाणूवर औषध नाही, श्वास आणि स्नायू सांभाळावे लागतात. जीबीएसवर आयव्हीआयजी (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडं) किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं हे उपाय आहेत आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत जास्त उपयोगी पडतात. नुसत्या स्टेरॉइडचा उपयोग होत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. तरी ‘स्टेरॉइड देऊन बघू’ म्हणत दिवस घालवले जातात, ते मला अजिबात पटत नाही.

पोलिओ गेला म्हणून प्रत्येक लुळेपणा जीबीएसच, हेही चूक. त्याच गटातले एन्टेरोव्हायरस डी६८ आणि ए७१ मज्जारज्जूतल्या त्याच पेशींवर जाऊ शकतात. २०१४ मध्ये अमेरिकेत डी६८ च्या साथीच्या काळात मुलांमध्ये असा लुळेपणा दिसला.

म्हणूनच १५ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला अचानक लुळेपणा आला की डॉक्टरांना जीबीएसची खात्री असली तरी सरकारी आरोग्य यंत्रणेला कळवावं लागतं. २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने बर्फात ठेवून पाठवतात आणि गरज असेल तर ६० दिवसांनी मुलाला पुन्हा तपासतात. ‘आमच्या मुलाला पोलिओ नाही, मग नमुना कशाला’ म्हणून पालकांनी अडून बसू नये. नमुने लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत घ्यायला हवेत. त्यानंतर शौचात विषाणू सापडण्याची शक्यता कमी होत जाते आणि तपासणी ‘निगेटिव्ह’ आली तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.