एलियन मूळ संख्याच का मोजतात?

विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, नारायणगावजवळच्या खोडदला पुणे-जुन्नरकडच्या शाळांची झुंबड उडते. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिथे पसरल्या आहेत. पोरांचा एक प्रश्न हमखास असतो: एलियनचा सिग्नल आला, तर तो त्यांचाच हे कळणार कसं?

विज्ञानकथांनी उत्तर कधीच देऊन ठेवलंय. मूळ संख्या, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज कशानेच भाग न जाणाऱ्या: २, ३, ५, ७, ११. कार्ल सेगन यांच्या १९८५च्या ‘कॉन्टॅक्ट’ कादंबरीत अभिजित ताऱ्याकडून हेच ठोके येतात. १९९७च्या चित्रपटाने ती कल्पना आणखी पसरवली.

पण ठोके नुसते नियमित असले तर का चालत नाही? कारण ती फसगत एकदा होता होता राहिली आहे. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसलिन बेल यांना १.३३७ सेकंदांच्या अंतराने येणारे ठोके सापडले. गमतीने त्या स्रोताला ‘छोटी हिरवी माणसं’ म्हणून झालं आणि निघाला पल्सार, गरगरणारा न्यूट्रॉन तारा. खोडदच्या अँटेनांना तर आता पल्सार रोजचेच. ७ वरून थेट ११ वर, १३ वरून १७ वर उडी मारायची तर मात्र भागाकार यायला हवा. १९७४ मध्ये आपणच अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून अवकाशात संदेश धाडला, तो १६७९ बिटांचा, म्हणजे शून्य-एकांचा. १६७९ म्हणजे २३ गुणिले ७३, दोन्ही मूळ संख्या. चित्र दिसावं म्हणून ते बिट ओळी-रकान्यांच्या आयतात मांडायचं म्हटलं तर दुसरे आकडे सापडतच नाहीत.

कथाकारांची दुसरी लाडकी मालिका फिबोनाचीची, जिच्यात प्रत्येक आकडा मागच्या दोघांची बेरीज असतो: १, २, ३, ५, ८, १३. सिग्नल म्हणून मला ती कच्ची वाटते. सूर्यफुलाच्या बियांची वळणं मोजा, बहुधा एका बाजूने ३४ आणि दुसऱ्या बाजूने ५५ भरतात, आणि सूर्यफुलाला काही बेरीज येत नाही.

शिवाय कथेत ही मालिका आली की तिला इटलीतल्या पिसाचा पत्ता चिकटवलेला असतो: लिओनार्डो (म्हणजेच फिबोनाची), १२०२ साल, सशांच्या वाढत जाणाऱ्या जोड्यांचं त्याचं कोडं. ते खटकतं. आपल्याकडे विरहांक आणि बाराव्या शतकातले हेमचंद्र तिथे आधीच पोचले होते, तेही सशांवाचून, छंदशास्त्रातून. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रा किती तऱ्हांनी भरतील? लललल, गुलल, लगुल, ललगु, गुगु: पाच. ओळीच्या शेवटी लघू असेल तर मागे एक मात्रा कमी असलेली ओळ उरते, गुरू असेल तर दोन कमी असलेली. म्हणून मागच्या दोन आकड्यांची बेरीज. पाच मात्रांना आठ, सहांना तेरा. पादाकुलक या वृत्ताच्या ओळीत १६ मात्रा. यती (विराम) आणि गणांचे (मात्रांच्या गटांचे) नियम बाजूला ठेवून नुसत्या मात्रा मोजल्या, तर १५९७.