लकव्यानंतर फोनवरून व्यायाम: अडतं कुठे?

लकवा मारल्यानंतरचे पहिले तीन महिने सुधारणेचे. नेमक्या त्याच काळात सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरून रोज फिजिओथेरपीला नाशिक गाठणं जमत नाही. एसटीचं भाडं, सोबतचा माणूस, त्याची बुडालेली मजुरी.

फोनवरून उपचारांना देशात सरकारी चौकट मिळाली ती कोविडमध्ये. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, एप्रिलमध्ये ई-संजीवनी या सरकारी सेवेची व्हिडिओ कॉलवरची ओपीडी. पण ती तत्त्वं डॉक्टरांसाठी होती, आणि सल्ला एकदा घेऊन भागतं, व्यायाम रोज लागतो.

त्याआधी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत १२४ रुग्णांना हाताच्या व्यायामाची ७० मिनिटांची ३६ सत्रं दिली होती. घरी संगणकावरून व्यायाम केलेल्यांची सुधारणा दवाखान्यात येणाऱ्यांइतकीच झाली. मात्र घरचा संगणक नि इंटरनेट संशोधकांनीच पुरवलं होतं. आपल्याकडे ते रुग्णाचं रुग्णाने बघायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या ३८ टक्केच स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, तेही १५ ते ४९ वयाच्या. लकव्याचे बहुतेक रुग्ण त्यापुढचे.

टॉवर उभा राहिला तरी प्रश्न सुटत नाही. उजवा हात लुळा, तर ओटीपी कोण टाकणार? वाचा गेलेली बाई ‘आवाज येत नाही’ हे सांगणार कशी? काहींना स्क्रीनची एक बाजू दिसतच नाही. आणि घरातला एकुलता स्मार्टफोन मुलाच्या खिशात, मुलगा संध्याकाळपर्यंत कामावर.

कॉल लागला तरी फोन डब्याला टेकवून जमिनीवर ठेवला की नुसती हनुवटी दिसते. तो छातीच्या उंचीवर, दीड-दोन मीटर लांब, जरा तिरका हवा; दोन्ही खांदे, कोपर आणि कंबर दिसली पाहिजे. चित्र अडकलं की रुग्ण हात उचलण्याऐवजी खांदा वर ओढतोय, अंग कलतं करतोय, हे थेरपिस्टला कळत नाही, आणि तीच सवय अंगवळणी पडते. घरच्यांनी लुळा हात धरून ओढला तर खांदा दुखावतो, तेही निसटतं.

मग सगळं घरच्यांवर सोपवावं का? भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१७) घरच्यांना शिकवून व्यायाम करवून घेतल्याने नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. थेरपिस्टची नजर हवीच. रेंज कमी असेल तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवावा, रेंजमध्ये गेल्यावर पाठवावा, दुरुस्ती साध्या कॉलवर ऐकावी. आणि फोन कोणाचा, घरी किती वाजता असतो, धरणार कोण, हे डिस्चार्जच्या आधीच विचारून कार्डावर लिहावं.